लघुउद्योग आरक्षण, रेल्वे खरेदीतील (सोलापूर)

मध्य रेल्वेचा सोलापूर विभाग आणि कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना यांच्या खरेदीला केंद्राचे 2012 चे सार्वजनिक खरेदी धोरण लागू आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा 20% हिस्सा 2018 मध्ये 25% झाला. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना 4%, महिलांना 3%. निविदा-संच मोफत, बयाणा रक्कम माफ. लघुउद्योजकाचा दर न्यूनतम दराहून 15 टक्क्यांपर्यंत चढा असला, तरी तो दर खाली आणून त्याला मागणीतला वाटा मिळवता येतो. सर्वांत मोलाची तरतूद हीच. मात्र अनुसूचित जाती-जमातींचे निविदाकार आलेच नाहीत, तर त्यांचे 4% इतर लघुउद्योगांकडे वळतात. ही पळवाट क्लेशदायक आहे. बांधकामाची कंत्राटे तर धोरणाबाहेरच.

रेल्वेच्या वातानुकूलित डब्यांना चादरी-टॉवेल लागतात आणि सोलापूरच्या यंत्रमागांवर तेच विणले जातात; म्हणून हे आरक्षण इथे महत्त्वाचे. पण सूत रोखीने घेणाऱ्या छोट्या कारखानदाराला थकलेले बिल पेलत नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात; उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. रेल्वेला लागू असलेले हे केंद्रीय खरेदी धोरण एसटी व महापालिका परिवहनाला मात्र बंधनकारक नाही.