जेट इंधन

जेट इंधन : वायुटरबाइन (जेट) एंजिनांच्या विमानांत वापरले जाणारे द्रव इंधन. हे मुख्यतः ८ ते १६ कार्बन अणू असलेल्या हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. त्यात पॅराफिने व नॅप्थिने अधिक असतात. ॲरोमॅटिक संयुगांचे प्रमाण घनफळाने २५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवतात. ते वाढल्यास ज्योत धुरकट होऊन एंजिनात काजळी साचते.

इतिहास : दुसऱ्या महायुद्धकाळात पेट्रोल दट्ट्याच्या एंजिनांसाठी लागत असल्यामुळे आरंभीच्या जेट एंजिनांसाठी दिव्याचे केरोसीन (घासलेट) निवडण्यात आले. अमेरिकेत १९४४ मध्ये ठरविलेल्या जेपी–१ या इंधनाचा गोठणबिंदू –६०° से. होता, परंतु इतके थंडी सोसणारे केरोसीन पुरेसे मिळत नसे. म्हणून १९५१ मध्ये केरोसीनात पेट्रोलसारखे हलके घटक मिसळून जेपी–४ तयार करण्यात आले. ते विपुल मिळे व सहज गोठत नसे, मात्र लवकर पेट घेई. विमानवाहू जहाजांसाठी १९५२ मध्ये जेपी–५ आले. त्याचा प्रज्वलनांक (वाफ ठिणगीने पेटण्याचे किमान तापमान) ६०° से. ठेवण्यात आला. प्रवासी वाहतुकीत केरोसीनवर्गीय इंधनच रूढ झाले. अमेरिकेत ‘जेट ए’ (गोठणबिंदू –४०° से.), तर भारतासह बहुतेक देशांत ‘जेट ए–१’ (–४७° से.) वापरतात. दोहोंचा प्रज्वलनांक किमान ३८° से. असतो.

सुरक्षितता : ही मर्यादा थंड प्रदेशांत पुरेशी असली, तरी मराठवाड्यात एप्रिलमधील दुपारचे तापमान अनेकदा तिच्याही वर जाते. शिवाय अपघातात टाक्या फुटून इंधनाचे सूक्ष्म तुषार उडतात व ते प्रज्वलनांकाखालील तापमानासही पेटतात. औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथील चिकलठाणा विमानतळावरून २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टीपलीकडील रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या मालमोटारीस धडकले. पुढे विजेच्या तारांवर आदळून ते कोसळले व जळाले. ११८ जणांपैकी ५५ मृत्यू पावले. जेपी–४ पेक्षा केरोसीन सुरक्षित असले, तरी ते आगीची शक्यता कमी करते, नाहीशी करीत नाही. म्हणून उड्डाणमार्ग मोकळा ठेवणे हे योग्य इंधन निवडण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.