तालुक्याचा वकील

साताऱ्याकडे जमीन घेणारा आधी तालुक्याच्या कचेरीसमोरचा वकील गाठायचा. अशाच एका वकिलांकडे मी कारकुनी केली, म्हणून सांगतो, ते योग्यच होतं. सातबारा कुणीही काढेल. जुने मोडी कागद वाचणारा हवा. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळ मालक मानलं गेलं, आणि खरी मेख सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात जाऊन बसली. तिथे त्या कायद्याच्या कलम ४३ चा शेरा असला की २०१४ पर्यंत परवानगीशिवाय विक्री होत नसे. आमचे वकील तीस वर्षांचा शोध घ्यायचे, सूची क्रमांक दोन पानोपान चाळायचे, मग वारसनोंदीवर बोट ठेवून विचारायचे, बहिणींचं हक्कसोडपत्र कुठाय? कोणत्या घरची लेक कुठे दिलीय, हे त्यांना ठाऊक असायचं. मुंबईच्या सॉलिसिटरचा मसुदा देखणा, पण ती बहीण त्यात सुटायची.