३००० डायल करा: तीन मिनिटांच्या धड्याची गोष्ट

आज सुरुवात माझ्याच एका फजितीपासून.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी गावाकडच्या दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवत होतो. म्हणजे, तसं मला वाटत होतं. ४८ पानांच्या नोट्स, पीडीएफ केली, ग्रुपवर टाकली, झालं काम! आठवड्याने एका मुलीचा मेसेज आला, "सर, झूम केलं की ओळीचं टोक स्क्रीनबाहेर जातं." शिवाय फोन तिचा नव्हताच, वडिलांचा होता. ते सकाळी शेतावर घेऊन जायचे ते रात्री आठला परत. मग उरलेल्या तासाभरात माझी ४८ पानं, तीसुद्धा बॅटरी शिल्लक असेल तर. वर्ष दहावीचं होतं हो!

शोधता शोधता बांगलादेशातली 'बीबीसी जानाला' सापडली. बंगालीत जानाला म्हणजे खिडकी. नोव्हेंबर २००९ मध्ये ही सेवा सुरू झाली. तेव्हा तिथे लोकांच्या हातात बटणांचे साधे फोन, इंटरनेट फार थोड्यांकडे. मग धडा द्यायचा कशावर? सरळ आवाजावर. ३००० डायल करायचं, आपल्याला झेपेल तो धडा निवडायचा आणि इंग्रजी ऐकायचं. फक्त तीन मिनिटं.

तीनच मिनिटं का, हे मला फार आवडलं. ऐकणाऱ्याचं मीटर चालू असतं ना! "तर मुलांनो, आज आपण पाहणार आहोत" यात मास्तरांनी अर्धं मिनिट घालवलं, तर ते त्याच्या खिशातून जाणार. त्यात त्यांनी देशातल्या सहाही मोबाईल कंपन्यांना राजी करून या कॉलचा दर ७५ टक्क्यांपर्यंत खाली आणला. माझ्या मते धड्याच्या डिझाईनमध्ये हेही येतं. ज्याला कॉल परवडत नाही, त्याच्यासाठी धडा कितीही सुंदर केला तरी काय उपयोग? (पैसा ब्रिटिश सरकारचा होता. इंग्रजी पसरवण्यात त्यांचा काहीच स्वार्थ नव्हता, असं मी म्हणणार नाही.)

मी पीडीएफ बाजूला ठेवली. 'भिंगे' हा धडा तीन-तीन मिनिटांच्या ऑडिओ क्लिपमध्ये तोडला. "वही घे, रेघ मार," असं सांगत आकृत्यासुद्धा आवाजावरच काढून घेतल्या. रात्री आठच्या आत क्लिप पाठवायचो.

तिसऱ्या दिवशी पावणेदहाला त्याच मुलीचा मेसेज आला: "सर, दुसऱ्या क्लिपमध्ये तुम्ही बहिर्वक्र आणि अंतर्वक्र उलटं सांगितलंय."