जुळवलेले यंत्र : सातारा-सांगलीतील खेळाच्या संगणकाचा एक सांस्कृतिक इतिहास

साहित्याच्या अभ्यासकांनी संगणकाच्या सुट्या भागांची चर्चा करावी, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु छापखान्याचा इतिहास हा वाङ्मयेतिहासाचा भाग आहे, हे आपण आता निर्विवादपणे मान्य केले आहे. खिळे, शिळाप्रेस, कागदाची आयात या गोष्टी वगळून एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा विचार करता येत नाही. तोच न्याय गेल्या चार दशकांतील संगणकाला लावला पाहिजे, असे आम्हांला वाटते. आणि हा न्याय लावताना मुंबई-पुण्याची कार्यालये ओलांडून जिल्ह्याच्या गावांतील घरांपर्यंत गेले पाहिजे. या घरांत संगणक आला तो बहुधा सुट्या भागांतून जुळवलेला, ‘असेंबल्ड’, आणि त्याच्या निवडीमागे अनेकदा एक न सांगितलेली प्रेरणा होती : खेळ.

प्रथम यंत्राच्या रचनेकडे पाहू. १९८१ साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्याची रचना मुख्यतः बाजारात मिळणाऱ्या भागांतून केलेली होती आणि मदरबोर्डावर जादा कार्डे बसवण्यासाठी मोकळ्या खाचा होत्या. या खुलेपणामुळे काही वर्षांतच इतर कंपन्यांनी त्याच्याशी सुसंगत यंत्रे बनवली, आणि पुढे एखाद्या गल्लीतील दुकानदारालाही ते शक्य झाले. भारतात हे लगेच घडले नाही. १९८४ साली सरकारच्या ‘क्लास’ या प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. १९८६ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने झेडएक्स स्पेक्ट्रम प्लसची परवानाप्राप्त आवृत्ती येथे आणली. टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून खेळ भरायचा असा तो संगणक होता. मध्यमवर्गाला परवडेल अशा खेळाच्या संगणकाची आपल्याकडील सुरुवात तिथे शोधता येईल. मात्र ते यंत्र बंद पेटीसारखे होते. त्यात भर घालण्यास फारसा वाव नव्हता.

येथे मराठीच्या अभ्यासकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डॉसच्या काळात संगणकाला देवनागरी येत नव्हती. आयआयटी कानपूरमधील संशोधनातून आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमधून ‘जिस्ट’ हे कार्ड तयार झाले. ते मदरबोर्डाच्या मोकळ्या खाचेत बसवले की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. म्हणजे आपली लिपी संगणकात आली ती आधी एका सुट्या भागाच्या रूपाने. त्याच प्रकारच्या खाचेत दुसऱ्या कोणी ध्वनीचे किंवा चित्राचे कार्ड बसवले ते खेळासाठी. अक्षर आणि खेळ या दोन्ही गोष्टी मूळ यंत्राच्या कर्त्यांनी आपल्याकरिता योजलेल्या नव्हत्या. खाच मोकळी होती, म्हणून त्या शिरू शकल्या.

आता सातारा-सांगलीकडे वळू. यंत्र उघडून पाहण्याची, त्याचा भाग बदलण्याची सवय या भागाला नवी नव्हती. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हाती दिला. कराडजवळच्या ओगलेवाडीने काच आणि ‘प्रभाकर’ कंदील दिला. सातारा रोडच्या कूपर कारखान्यातून डिझेल इंजिने बाहेर पडली. मिरजेत तर त्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्याने सतार-तंबोऱ्याची निर्मिती हाती घेतली. त्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे सांगलीत १९४७ साली, कराडला १९६० साली आणि इस्लामपूरनजीक १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. नव्वदीच्या दशकात या महाविद्यालयांच्या वसतिगृहांतच घरगुती संगणक जुळवणाऱ्या हातांची पहिली पिढी तयार झाली.

मात्र या परंपरेचा आणि संगणकाच्या जुळवणीचा संबंध सरळ रेषेत जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. किर्लोस्करवाडीत लोखंड ओतले जात होते, मिरजेत भोपळा आणि लाकूड कारागिराच्या हाताखाली आकार घेत होते. संगणक जुळवणारा तरुण एकही भाग घडवत नव्हता. प्रोसेसर, मेमरी, मदरबोर्ड हे सारे परदेशातून येत होते. त्याच्याकडे होते ते निवडीचे ज्ञान. कोणता भाग कोणाशी जुळतो, कुठे पैसा वाचवला तर चालतो आणि कुठे तो वाचवला तर पश्चात्ताप होतो, हे त्याला ठाऊक असे. हे ज्ञान कारागिरीपेक्षा संपादकाच्या किंवा टीकाकाराच्या ज्ञानाला अधिक जवळचे आहे. ग्रंथालयासाठी मर्यादित अनुदानात पुस्तके निवडणाऱ्याला ते चटकन समजेल.

एक उदाहरण घेऊ. १९९८ साली इंटेलने ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याची गती ३०० मेगाहर्ट्झ होती. मदरबोर्डाचा ६६ मेगाहर्ट्झचा ठोका साडेचारपट होऊन ती गती येई. जाणकारांनी तो ठोका १०० वर नेला आणि गती ४५० झाली. अनेक प्रोसेसर हा ताण सहज सोसत. त्यामुळे स्वस्तातला प्रोसेसर कितीतरी महागड्या प्रोसेसरच्या पंक्तीला जाऊन बसला. येथे पैशाची जागा माहितीने घेतली. उलट उदाहरणही तितकेच बोलके आहे. १९९९ साली इंटेलचा ‘८१०’ हा चिपसंच आला. त्यात चित्रयंत्रणा अंगचीच असल्याने तो असलेला मदरबोर्ड स्वस्त पडे, पण ग्राफिक्स कार्डासाठी लागणारी एजीपी खाच त्यात नव्हती. ‘आत्ता स्वस्त घेऊ, पुढे पैसे आले की कार्ड टाकू’ असा हिशेब करून हा बोर्ड घेणाऱ्याचा पुढचा मार्ग खरेदीच्या दिवशीच बंद झालेला असे. अल्प उत्पन्नाच्या घरात खरेदी एकदाच होते. म्हणून तिथे खाचेचे मोल प्रोसेसरहून अधिक असते.

हे भाग येत कुठून? मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्याच्या बाजारपेठा. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने किंवा एसटीने जाऊन आणलेले भाग गावात जुळवले जात. १९९७ च्या आंतरराष्ट्रीय माहिती-तंत्रज्ञान करारानंतर या वस्तूंवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने उतरले आणि २००५ पर्यंत बहुतेकांवर शून्य झाले. सरकारी धोरण, उसाच्या बिलाचा हप्ता आणि मुलाचा बारावीचा निकाल अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की घरात संगणक येई.

तो येई मात्र ‘अभ्यासासाठी’. या शब्दाचा इतिहास कुणीतरी लिहिला पाहिजे. २००१ नंतर एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणकाला नोकरीशी जोडले आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने ही खरेदी समर्थनीय ठरली. मुलाने मागितलेले ग्राफिक्स कार्ड ‘ऑटोकॅडला लागते’ या वाक्याआड घरात शिरले. ते वाक्य पूर्ण खोटे नव्हते. पण ते उच्चारण्याची सोय मुलाला होती, तशी त्याच घरातील मुलीला क्वचितच होती. तिच्या वाट्याला संगणक आला तो टंकलेखनाचा, डीटीपीचा किंवा क्लासचा. ताशी भाड्याने खेळायची दुकाने तर मुलांचीच राहिली. परवडण्याची चर्चा करताना आपण केवळ रुपयांचा हिशेब मांडतो. कोणाची हौस कुटुंबाला परवडते हा प्रश्न त्या हिशेबात येत नाही.

यंत्राचा आणखी एक खर्च किमतीच्या कागदावर नसे. तो विजेचा. सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या पाण्यावर १९६० मेगावॉटची वीजकेंद्रे उभी आहेत. तरीही २००५ नंतरच्या वर्षांत याच जिल्ह्यातील गावे दिवसाचे कित्येक तास भारनियमनात अंधारात असत. त्यामुळे महानगरातील तरुण ज्या पैशात मोठे कार्ड घेई, त्यातला काही भाग येथे यूपीएस आणि बऱ्या एसएमपीएसकडे वळवावा लागे. जुना, काचेच्या नळीचा मॉनिटर बॅटरीचा बराच वाटा एकटाच गिळी. उरत ती काही मिनिटे. ‘व्हाइस सिटी’ हा २००२ चा खेळ संगणकावर २००३ साली आला. त्यात खेळाची स्थिती जतन करायची तर नायकाला स्वतःच्या घरी पोहोचावे लागे, आणि कामगिरी अर्धवट असताना तर जतन करताच येत नसे. वीज गेल्यावर यूपीएसचा ठोका ऐकत काल्पनिक शहरातून घराकडे गाडी पिटाळणारा खेळाडू हा या काळाचा खरा नायक आहे. खेळाच्या कर्त्यांनी न योजलेला एक ताण येथील परिस्थितीने त्यांच्या कथेत घातला. वाचनप्रक्रियेचा विचार करणाऱ्यांनी यावर अवश्य थांबावे : संहिता तीच, पण तिचा अनुभव वीज मंडळाच्या वेळापत्रकाने घडवलेला.

आणि भाषा? हे खेळ मराठीत नव्हते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ किंवा ‘डूम’ यांना शब्दांची गरज बेताचीच होती, म्हणून ते सहज पोहोचले. कथाप्रधान खेळांतील संवाद मात्र बहुतेकांच्या डोक्यावरून जात. खेळाडूंनी कथा अंदाजाने रचली, एकमेकांना सांगितली, आणि त्या सांगण्यात एक बोली तयार झाली : ‘लेव्हल काढली’, ‘लाइफ गेली’, ‘गाडी उचलली’. ‘काढणे’ हे क्रियापद पाहावे. आपण दिवस काढतो, वर्ष काढतो, तशीच लेव्हलही काढली. सोसून पार करण्याचा अर्थ मराठीने परक्या शब्दाला आपल्या हाताने जोडला. हीदेखील जुळवणीच आहे. नाम आयात केलेले, क्रियापद घरचे.

पुढचा काळ थोडक्यात सांगता येईल. २०१८ साली एएमडीने ‘रायझेन ३ २२००जी’ हा प्रोसेसर ९९ डॉलरला आणला. वेगळ्या कार्डाशिवाय बेताचे खेळ चालवणारी चित्रयंत्रणा त्यातच होती, आणि कार्डाची खाचही मोकळी होती. १९९९ च्या बोर्डाने जे हिरावले ते येथे परत मिळाले. अशी यंत्रणा मुख्य मेमरीच वापरत असल्याने आठ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा चार-चारच्या दोन घेणे शहाणपणाचे ठरे. पण त्याच वर्षी ‘पब्जी’ मोबाइलवर आला आणि खेळणाऱ्यांची मोठी संख्या संगणकाकडे फिरकेनाशी झाली. २०२० साली त्यावर बंदी आली, तरी सवय मोबाइलचीच राहिली. २०२०-२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांची टंचाई झाली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मागणी वाढवल्याने मेमरीचे भाव भडकले. जुळवणाऱ्याचे ज्ञान शाबूत असूनही त्याचे गणित दूरच्या बाजारांनी पुन्हा पुन्हा मोडले.

मोबाइल स्वस्त आहे, वीज गेली तरी चालतो, मुलीच्याही हाती असतो. त्याची ही लोकशाही आम्ही नाकारत नाही. मात्र त्याला खाच नाही. त्याच्या कर्त्याने जे योजले नाही ते त्यात घालण्याची सोय फार थोडी आहे. देवनागरी संगणकात आली त्या काळी यंत्र असे बंद असते, तर आपल्या लिपीला कोणाच्या परवानगीची किती वर्षे वाट पाहावी लागली असती, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे. सातारा-सांगलीच्या ज्या खोल्यांत ‘अभ्यासासाठी’ घेतलेल्या संगणकाची झाकणे उघडी पडलेली असत, तिथे खेळाच्या निमित्ताने एक दुर्मिळ शिक्षण चालू होते : दुसऱ्याने बनवलेली वस्तू आहे तशी न स्वीकारता तिच्यात आपली जागा शोधण्याचे. टीकेचे कामही याहून फार वेगळे नसते.