इमारत : सुट्या भागांची नव्हे, एकसंध व्यवस्थेची

आराखडा वास्तुविशारदाने करायचा, वातानुकूलनाची क्षमता दुसऱ्या तज्ज्ञाने ठरवायची आणि दिवाबत्ती तिसऱ्याने पाहायची, ही इमारत बांधण्याची रूढ पद्धत. एकात्मिक रचनेत ही सारी मंडळी पहिल्या दिवसापासून एकत्र बसतात. खिडकीवर योग्य छज्जा आला की आत येणारे ऊन घटते. ऊन घटले की लहान यंत्र पुरते. त्यातून वाचलेला पैसा छपराच्या उष्णतारोधनास उपयोगी पडतो.

हे तत्त्व नवे नाही. भीमाशंकर परिसर सुमारे १००० मीटर उंचीवर असून तेथे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. येथील महादेव कोळी समाजाच्या जुन्या घरांत कारवीच्या कुडावर शेणमातीचा लेप असे. उतरते छप्पर पाणी झटकन वाहून नेई, तर खाली झुकलेली वळचण झडीपासून भिंती जपत असे. चुलीच्या धुराने छपराचे लाकूड व माळ्यावरचे बियाणे कोरडे राही. प्रत्येक घटक एकाहून अधिक कामे करी.

म्हणूनच एक घटक बदलताना इतरांचा विचार करावा लागतो. गॅस आला आणि डोळ्यांत व छातीत जाणारा धूर थांबला, हे उत्तमच झाले. परंतु लाकूड कोरडे ठेवण्यासाठी वायुवीजनाची वेगळी सोय आवश्यक ठरली. कौलांच्या जागी पत्रा आला की उन्हाळ्यात घर तापते. सपाट स्लॅबवर पाणी साचते.

व्यवस्थेची सीमा भिंतीपाशी संपत नाही. आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. पुनर्वसित गाव २०१७मध्ये उभे राहिले; मात्र त्याच वर्षीच्या पावसात तेथील रस्ते व भराव खचले. उतार, माती आणि पाण्याचा निचरा हेही रचनेचेच भाग आहेत, याची ती जाणीव होती.

केंद्र सरकारने व्यावसायिक इमारतींसाठी २००७मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणि निवासी इमारतींसाठी २०१८मध्ये 'इको निवास संहिता' आणली. पुण्यात हडपसर येथील 'सुझलॉन वन अर्थ' हे संकुल एकात्मिक रचनेचे ठळक उदाहरण मानले जाते. मात्र शहरातील नमुना डोंगरावर जसाच्या तसा नेणे म्हणजे या विचारालाच फाटा देणे होय. ऊन, वारा, पाऊस व जमीन यांचा अभ्यास आधी आणि यंत्रांची निवड नंतर, हाच योग्य क्रम आहे.