कंदीसा : वेदीपासून रंगमंचापर्यंत

फेब्रुवारी आला की नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेसाठी गावोगावचे भाविक नाशकात लोटतात. याच दिवसांच्या सुमारास, २००८ पासून अनेक वर्षे, शहराबाहेर सुलाच्या द्राक्षमळ्यातील खुल्या रंगमंचापुढे तरुणांची एक निराळीच यात्रा भरत असे. चित्रपटाच्या आश्रयावाचून स्वतःची गाणी रचून गाणारे बँड हे तिथले आकर्षण. या दोन गर्दींचा परस्परांशी काही संबंध असेल, असे आम्हां वडीलधाऱ्यांना कधी वाटले नव्हते.

हा समज मोडला तो 'इंडियन ओशन' या बँडने. घरातील मुलांच्या आग्रहाखातर आम्ही एकदा मुंबईस त्यांच्या कार्यक्रमाला गेलो. रात्रीचे मुख्य मानकरी तेच होते. आधीच्या बँडांच्या वेळी आम्ही घड्याळाकडे पाहत बसलो होतो. अखेरीस गिटारच्या मंद सुरांवर 'कंदीसा' सुरू झाले आणि शेजारचा कोलाहल शांत झाला. आमची मुले डोळे मिटून गात होती. शब्दांचा अर्थ मात्र त्यांना ठाऊक नव्हता. खरे सांगायचे तर तेव्हा तो आम्हांसही ठाऊक नव्हता.

घरी परतल्यावर आम्ही शोध घेतला. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये दिल्लीत हा बँड उभारला. त्यांची पहिली ध्वनिफीत १९९३ ची. दुसरी, 'डेझर्ट रेन', १९९७ मध्ये सफदर हाश्मी यांच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात श्रोत्यांसमोरच ध्वनिमुद्रित झाली. २००० साली आलेल्या 'कंदीसा'ने त्यांचे नाव देशभर पोहोचवले. त्याचे शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतील उपासनागीत आहे. भाषा सिरियाक, म्हणजे प्रभू येशूच्या मातृभाषेची, अरामाईकची, एक शाखा. 'कंदीसा' म्हणजे पवित्र. देवाला तीनदा पवित्र म्हणून, त्याचे सामर्थ्य व अमरत्व गाऊन, दयेची याचना करणारी ही प्रार्थना. इ.स. ४५१ च्या खाल्सेदोनच्या धर्मपरिषदेत ती म्हटली गेल्याची नोंद आहे. लॅटिन उपासनेत हीच प्रार्थना गुड फ्रायडेला क्रुसाच्या आराधनेच्या वेळी गायिली जाते. म्हणजे जे गीत आमच्या मुलांना रंगमंचावरून भेटले, ते त्यांच्याच घरचे होते!

या बँडचे दुसरे लोकप्रिय गीत 'मा रेवा'. तेही आमच्या उंबरठ्यापासून दूर नाही. बँडचे बास गिटारवादक व गायक राहुल राम यांनी १९९० नंतरची काही वर्षे नर्मदा बचाव आंदोलनात काम केले आणि नर्मदाकाठच्या लोकांचे हे पारंपरिक गीत तेथून रंगमंचावर आणले. सरदार सरोवराच्या बुडिताची झळ महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांना बसली. आजचा नंदुरबार जिल्हा तो हाच, नाशिक धर्मप्रांताची उत्तर सीमा! दिल्लीच्या वादकांनी ज्यांचे गाणे शिकून घेतले, त्या आदिवासी बांधवांची गाणी आमच्या किती गायनवृंदांना येतात?

तिकीट काढून करमणुकीसाठी आलेल्या जमावापुढे वेदीवरची प्रार्थना गावी का, असा प्रश्न पुष्कळांना पडेल. आम्हांलाही पडला. परंतु इतिहास आम्हांला थोडे सबुरीने घ्यायला सांगतो. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले. हा इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू येशूचे चरित्र लिहावयास बसला, तेव्हा त्याने मराठी संतांच्या ओवीचाच हात धरला. पुढे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन आणले. आम्ही शेजाऱ्याचे छंद उजळ माथ्याने घेतले. आज शेजाऱ्याने आमचे गीत आदराने उचलले, तर तक्रार कोणत्या तोंडाने करावी? हा आदर नसता, तर मात्र आमचे म्हणणे निराळे असते.

तक्रार करायचीच तर ती स्वतःविरुद्ध करावी. मुलांना हे गीत आधी आमच्याकडून कळायला हवे होते. धर्मग्रामांत मल्याळी कुटुंबे आमच्याच बाकांवर बसतात; 'तुमच्याकडे प्रार्थना कशी गातात?' असे आम्ही त्यांना कधी विचारले नाही. मुलांना घरी आणि चर्चमध्ये जे मिळत नाही, ते शोधायला ती मैदानावर जातात. त्यांना अडवण्यापेक्षा एकदा त्यांच्यासोबत जावे, हे बरे.

तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती २००९ साली निवर्तले. तारीख होती २५ डिसेंबर, नाताळचा दिवस. आम्ही नाताळच्या मिस्सामध्ये त्यांच्यासाठी आता एक प्रार्थना करतो. आणि गेल्या गुड फ्रायडेला क्रुसाचे चुंबन घेण्यासाठी रांगेत उभे असताना, मागून आमच्या धाकट्याने हळूच विचारले, "बाबा, हे तेच ना?" आम्ही मान डोलावली. या वेळी त्याला अर्थ ठाऊक होता.