फुटक्या कानाचा इतिहास

राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर दिघी, समोर आगरदांडा आणि खाडीच्या तोंडाशी जंजिऱ्याचा काळा तट, असा हा मुलूख 1948 पर्यंत सिद्दीच्या संस्थानात मोडत असे. तान्ह्या मुलाच्या कानावर मात्र अंमल घरातल्या म्हातारीचा चाले. रात्री मूल किंचाळून उठले आणि दूध तोंडात धरीनासे झाले, की खोबरेलात लसणीची पाकळी तांबूस होईतो कढवून ते कोमट तेल कानात सोडावे, फडके तव्यावर तापवून शेकावे, क्वचित आईचे दूधच कानात पिळावे, आणि दोन-तीन दिवसांनी दुपट्यावर पिवळा डाग पडून मूल गाढ झोपले म्हणजे ‘कान फुटला, आता उतार पडेल’ असे म्हणून निश्चिंत व्हावे, हा शिरस्ता. त्या म्हणण्यात तथ्यही होते, कारण पडद्यामागे कोंडलेला पू वाट काढून बाहेर आला की ताण जातो, वेदना शमते, आणि बहुतेक पडदे पुढे आपोआप सांधतात. जे सांधत नसत ते कान वर्षानुवर्षे वाहत. आणि कानामागच्या हाडात पू उतरून जी मुले गेली, त्यांच्या नावापुढे ‘ताप’ याखेरीज दुसरे कारण लिहिण्याचे ज्ञान कोणापाशी होते?

पेनिसिलिनने हे चित्र पालटले. 1928 साली फ्लेमिंगच्या दृष्टीस पडलेली ती बुरशी 1954 साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्याने महाराष्ट्राच्या अंगणात आणली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांचे त्यास साहाय्य होते. याच फ्लेमिंगने 1945 साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना, अपुरी मात्रा घेणारा मनुष्य जंतूंना औषध पचविण्यास शिकवील, असा इशारा देऊन ठेवला होता. पण सुईने रात्रीत ताप उतरतो हे एकदा पाहिलेल्या मातेस तो कोण सांगणार?

पुढे कानदुखीत अशा औषधाच्या गरजेविषयी शंका उपस्थित झाली ती हॉलंडात. 1981 साली व्हान ब्यूखेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की दोन वर्षांवरील मुलांपैकी बहुतेकांचा कान औषध न देताही जवळजवळ तितक्याच वेगाने बरा होतो. 1990 साली तेथील कुटुंबवैद्यांची नियमावली वाट पाहण्याच्या धोरणाने निघाली. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांनी 2004 साली, आणि सुधारून 2013 साली, सहा महिन्यांखालील अर्भकास औषध द्यावेच, परंतु त्यापुढच्या वयात, एकच कान आणि सौम्य दुखणे असल्यास, आईबापांशी विचार करून 48 ते 72 तास वाट पाहण्यास हरकत नाही, असे ठरविले. मध्यंतरी 2011 साली फिनलंड आणि अमेरिका येथील दोन प्रयोगांनी लहानग्यांना औषधाने गुण येतो, मात्र जुलाबही होतात, असे दाखवून हा प्रश्न पुन्हा हलविला होता. वाट पाहणे म्हणजे म्हातारीचेच दोन-तीन दिवस. आता मात्र त्यांस शास्त्राची सनद मिळाली.

आपल्याकडे 2003 च्या सुमारास बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाची जी पद्धत आली, तिचा मजकूर नर्सबाईला हातात धरून वापरता येईल असा आहे. पू चौदा दिवसांच्या आतला असेल तर पाच दिवस तोंडाने औषध. त्याहून जुना असेल तर कान कोरडा करणे आणि थेंब. कानामागे दुखरी सूज दिसली तर तडक रुग्णालय. स्वच्छ, मऊ सुती कापडाची टोकदार सुरळी वळावी, कानात ठेवावी, भिजली की काढून दुसरी घालावी, कान कोरडा होईतो असे दिवसातून तीनदा करावे. तेल मात्र थेंबभरही घालू नये. जिने जन्मभर देवापुढच्या समईच्या वाती वळल्या तिला ही वात शिकवावी लागत नाही. लसणीचे तेल सोडवणे हेच अवघड.

तरीही वाट पाहण्याच्या नियमावलीचे एक गृहीत आम्हांस खटकते. ‘तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवा’ हे वाक्य जेथे तिसऱ्या दिवशी दाखविता येते तेथलेच आहे. पूर्वी कोकणच्या आगबोटी पावसाळ्यात बंद होत. आजही आषाढात खाडी खवळली की होडीचा भरवसा नसतो आणि बोर्ली-पंचतन किंवा श्रीवर्धनची एस.टी. चुकली म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. अशा आईकडे पाहून डॉक्टर बाटली लिहून देतो, त्यास केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. चिठ्ठीवर औषध कोणते येते, हा मात्र वेगळा प्रश्न. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या औषधविक्रीच्या एच-1 या अनुसूचीने 46 औषधांची वेगळी बारनिशी औषधविक्रेत्यांवर बंधनकारक केली. सेफिक्झिम तीत आले, अमॉक्सिसिलिन जुन्या अनुसूचीतच राहिले. कानास प्रथम द्यावयाचे औषध दुसरे, म्हणजे नोंदवहीची कटकट नसलेलेच. तरी चिठ्ठीवर पहिले पुष्कळदा दिसते, कारण ते जबर, असा समज आहे.

आणि ती बाटली घरी येते तेव्हा तिच्यात नुसती भुकटी असते. उकळून गार केलेले पाणी बाणाच्या खुणेपर्यंत घालून हलवायचे, पाच दिवस द्यायचे, उरलेले टाकून द्यायचे. दुसऱ्या दिवशी मूल हसू लागते. बाटली फळीवर जाते, धाकट्याच्या कानासाठी, आणि तिच्या गळ्याशी गुलाबी थर वाळून बसतो.